हातानं करून खाणारा माणूस

विलास साळवे याने आपल्या सख्ख्या बापाला फसवलं. डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून पुण्याला नेलं आणि मागे बापाची चूल मोडली. यात गैरसमज वगैरे काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालं, माझ्याच दुकानात झालं. तरी लोक मला सांगायला येतात, "शेठ, बाप-लेकाची भानगड हाय, तुमी कशाला मधी पडता." त्यांना मी काय ऐकवलं ते त्यांनाच विचारा.

बाप म्हणजे साळवे मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, एसटीतले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरीतून सुटल्यावर त्यांनी मांजरसुंब्याला चौकाच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर बांधलं. बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याला कंपनीत. माझं भांड्यांचं दुकान चौकात, आणि दुकानाच्या मागच्या दारात उभं राहिलं की समोर मास्तरांच्या स्वयंपाकघराची खिडकी. म्हणून मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते बहुतेक त्या खिडकीतून आलेलं आहे.

मांजरसुंबा म्हणजे ढाबे. चारी बाजूंनी रस्ते येतात, ट्रक थांबतात, ट्रॅव्हल्सवाले थांबतात, आणि तव्याचा खणखणाट चालूच असतो. भूक लागली तर हात धुवायचे आणि बाजेवर बसायचं. अशा गावात एक धडधाकट पेन्शनवाला माणूस रोज दिवस मावळताना स्टोव्ह पेटवतो, मूठभर पीठ मळतो आणि स्वतःपुरतं जेवण करतो, हा सगळ्यांना चेष्टेचा विषय होता. मलाही होता. मी तर ढाब्यांना लागणारी भांडी विकणारा. माझ्या दुकानात एवढाली पातेली की आत माणूस बसून अंघोळ करील.

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा म्हणाले, "शेठ, एका माणसाची कढई दावा."

मी म्हणालो, "एका माणसाची कढई नसती मास्तर. कढई घराची असती."

"घरात एकच माणूस हाय."

मी सगळ्यात लहान कढई काढून दिली. चार माणसांची भाजी होईल अशी. त्यांनी गल्ल्याजवळचा माझा पाण्याचा पेला उचलला, मला न विचारता पाणी त्या कढईत ओतलं आणि कढई माझ्या नाकासमोर धरली. पाणी बुडाला एका बाजूला जाऊन बसलं.

"ह्याच्यात मी आमटी केली तर निस्ती वाफ हुईल. खायला काय उरंल?"

मग त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे रुखवताचा सेट होता. लग्नात मांडायला लहान लहान पितळी भांडी असतात ना, तसला. त्यात एक कढई होती, जाड बुडाची, तळहाताएवढी. मास्तर म्हणाले, ती द्या. मी म्हणालो, सेट फोडत नाही. अर्धा सेट मांडवात कोण मांडील? पोरीची आई माझ्या दुकानाला शिव्या देईल. ते म्हणाले, बरं. आणि बाकड्यावर बसले.

बसले म्हणजे बसलेच. मला वाटलं, उन्हाचे टेकलेत. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. गर्दी झाली की हे बसल्या जागेवरून, "चला, पुढं सरका, दारात थांबू नका, आत लई जागा हाय," असं सुरू. सवयच ती. लोक खरंच पुढे सरकत होते. एका ढाबेवाल्याला मी पातेल्याचा भाव सांगत होतो, तर हे मधूनच म्हणाले, "शेठचा माल चांगला हाय, फकस्त माणूस हट्टी हाय." तो ढाबेवाला हसला आणि त्या हसण्याच्या भरात मला भावात जास्तीच घासून गेला. मी तडकलो. म्हणालो, "मास्तर, घ्या ती कढई आन् उठा."

"कल्हई कुठं करून मिळंल?" एवढंच विचारून ते उठले. सायकलच्या कॅरिअरला भांडी बांधून मी धंदा सुरू केला, गावोगावच्या बायांशी घासाघीस करून इथवर आलो. मला भावात वाकवणारे पुष्कळ भेटले. बाकड्यावर बसून हरवणारा हा एकच.

त्या दिवसापासून मी खिडकीकडे बघायला लागलो. चिडून बघायला लागलो, हे खरं. एवढ्याशा कढईत हा माणूस करतो तरी काय?

तर ते असं. दिवस मावळायला आला की मास्तर हातपाय धुवायचे. केस विंचरायचे. दोरीवरचा इस्त्रीचा शर्ट अंगात घालायचे, वरच्या बटणासकट. आणि मग स्टोव्ह पेटवायचे. मी एकदा खिडकीतून ओरडलो, "मास्तर, पावने येणार हायेत का? शर्ट कशाला?"

"जेवायचंय म्हणून."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

आधी भाकरी. ज्वारीचं पीठ दोन मुठी, त्यांच्याच मुठी. भाकरी खोलगट लोखंडी तव्यावरून उतरली की तवा खाली ठेवायचा नाही. त्याच तापलेल्या तव्यात तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून कालवलेलं बेसन. हे चालू असताना तोंडाने बडबड. "मोहरी झाली. चला, लसूणवाले चढा. मिरची मागून या, मागून या. कोथिंबीर, तुझं ठेसन लांब हाय, थांब." मी दाराला टेकून ऐकायचो आणि मला वाटायचं, हा माणूस एकटा राहून वेडा झाला. पण पिठलं व्हायचं असं, की कडेला तांबूस खरवड धरलेली आणि मध्ये मऊ. ते ताटात काढायचे. तव्यातून खायचे नाहीत. ताटाला कांदा, शेंगदाण्याची चटणी, लिंबाची फोड, उजव्या हाताला तांब्या. "एकटा हाय म्हणून भांड्यातूनच खायचं व्हय? मंग दारातल्या कुत्र्यात आन् माझ्यात काय फरक?"

कढईत येसराची आमटी व्हायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, आमच्याकडे घरोघरी असतं. फोडणीत पाणी, पाण्याला उकळी, उकळीत येसर, झालं. एका वाटीची आमटी, एका वाटीलाच पुरेल अशी. थंडीत हुलग्याचे शेंगोळे. कंटाळा आला तर मुरमुऱ्याची सुशीला. उरलेलं काही नाही. सकाळी त्या घरात शिळं म्हणून काही निघायचं नाही, आणि कधी ते कमी पडून भुकेलेही उठले नाहीत.

भाजीवाल्या बायांना त्यांचा राग यायचा. बाजारात जाऊन हे दोन वांगी मागायचे. दोन म्हणजे दोन. आणि कांदे निवडून लहान घ्यायचे, कारण अर्धा कापलेला कांदा ठेवून देणं त्यांना सहन व्हायचं नाही. एकदा मी बरोबर होतो. ती बाई म्हणाली, "मास्तर, दोन वांग्यात काय व्हतंय?"

"माझं व्हतंय."

"आवो, पावशेर तरी घ्या. लोकं हसत्याल मला, मी दोन वांगी तराजूत घातली तर."

"मंग तराजूत घालू नका. हातात द्या."

तिने दिली. पुढे ती त्यांच्यासाठी बारकी वांगी बाजूला ठेवायला लागली आणि दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला तर अंगावर यायची.

माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा मी ढाब्यावर जेवायला लागलो. थोड्याच दिवसांत पोटाने तक्रार सुरू केली. मास्तरांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "उद्यापासून ढाबा बंद."

मला वाटलं, जेवायला बोलावतील. बोलावलं नाही. माझ्याच स्वयंपाकघरात येऊन हात मागे बांधून उभे राहिले. "करा."

"मला येत न्हाई."

"म्हणून तर म्हणतोय, करा. पावना म्हणून कवाबी या, माझ्या हातचं खा. रोजचं तुमचं तुमी करायचं."

मी परातीत पीठ ओतलं. त्यांनी परातीकडे बघितलं, मग दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं. "वरात येणार हाय का?" मी पीठ काढलं. "आजून काढा." अजून काढलं. "शेठ, धंद्यात हात आखडता घेता आन् पिठाला सैल सोडता." माझ्या भाकरीचे नकाशे झाले. ते म्हणाले, खा. मी खाल्ली. बायको परत येईपर्यंत माझी भाकरी गोल झाली नाही, पण पोट जाग्यावर आलं, आणि संध्याकाळ झाली की घरी जावंसं वाटायला लागलं. रिकाम्या घरी. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हाच एकदा मी विचारलं, की ही सवय लागली कुठून. बायको होती तेव्हाही तुम्ही हातानेच करायचा का?

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्यासारखं शांतपणे सांगू शकत नाही. ते मुक्कामी गाडीवर असायचे. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी आणि सकाळी परत निघणारी. ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला घालायची गावाची रीत असते. कुणाच्या तरी ओसरीवर दोन ताटं मांडली जातात. नव्या गावाला पहिला मुक्काम होता. दोन ताटं मांडलेली. हातपाय धुऊन हे बसणार, तेवढ्यात घरमालकाने विचारलं, "मास्तर, आडनाव काय म्हणायचं?"

यांनी सांगितलं, साळवे. मालक "बरं बरं" म्हणाला आणि आत गेला. मग आतून बाई आली आणि दोन ताटांतलं एक उचलून घेऊन गेली. थोड्या वेळाने पत्रावळीवर जेवण आलं, ओसरीच्या पायरीखाली. जेवण तेच. वाढणाऱ्या बाईने वर तूपही वाढलं. शिवी नाही, हिडीसफिडीस नाही. मालक वरून म्हणत होता, "लाजू नका मास्तर, पोटभर जेवा."

"मंग?" मी विचारलं.

"मी म्हणलो, पोट बरं न्हाई. गाडीत जाऊन झोपलो. दुसऱ्या मुक्कामाला स्टोव्ह घेऊन गेलतो."

तेव्हापासून रात्रीचं जेवण त्यांच्या हातचं. गाडीच्या पायरीशी स्टोव्ह मांडून, युनिफॉर्मचा शर्ट चढवून, ते एका माणसाचं जेवण करायचे. ड्रायव्हर ओसरीवर जेवून यायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, उद्या माझंबी टाका की." हे म्हणायचे, "तुमाला ताट हाय की." पुढे गावातले लोक येऊन विनवायला लागले, आता तसं राहिलं नाही, घरात येऊन जेवा. हे हात जोडायचे, चहा घ्यायचे, जेवण मात्र नाही. घरी असतानाही संध्याकाळचा तवा त्यांचाच. बायको म्हणायची, माझा दादला मला सुट्टी देतो.

मी विचारलं, गाव कोणतं. त्यांनी सांगितलं. मी ओळखलं ते घर. त्या गावात मी सायकलवर भांडी विकायला जायचो. त्याच ओसरीवर मी जेवलेलो आहे, पाटावर बसून. मला आडनाव कुणी विचारलं नव्हतं, माझ्या गळ्यात तुळशीमाळ होती. मी तिथल्या तिथे त्या घरमालकाच्या नावाने सुरू झालो. मास्तर म्हणाले, "शेठ, आवाज कमी. त्यो माणूस कवाच मेला." आणि लसूण सोलायला लागले.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतोय, की त्या कढईतली एक वाटी आमटी म्हणजे काय होतं ते कळावं. ती त्यांची सोय नव्हती. नाइलाज तर नव्हताच. सगळं आयुष्य ते दुसऱ्याच्या वेळेवर, डेपोच्या वेळापत्रकावर चालले. दिवसाकाठी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती.

आणि आमच्या लोकांना त्यात काय दिसलं? "हातानं करून खातो बिचारा." आमच्याकडे हे वाक्य म्हणजे शिवी आहे, फक्त ती करून खाणाऱ्याला लागत नाही, त्याच्या घरच्यांना लागते. बाई हाताने करून खाते तर कुणाला काही वाटत नाही. पुरुषाने केलं, आणि त्याला मुलगा-सून असले, तर गाव त्या मुलाकडे बोट दाखवायला मोकळं. म्हातारा मजेत आहे का, हे कुणी विचारत नाही. बोट दाखवायचं असतं.

ते बोट घाटनांदूरला दाखवलं गेलं. मास्तरांच्या मेहुण्याच्या नातीचं लग्न होतं. स्वयंपाकाची भांडी माझी होती म्हणून मीही हजर होतो. पंगत बसलेली. विलास पुण्याहून गाडी घेऊन आलेला, बायको बरोबर, भारी शर्ट. हा मेहुणा, ज्याला मास्तर आयुष्यभर वाकून नमस्कार करत आले, तो वाढप्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "विलासराव, लाजू नका, भरपूर वाढून घ्या. नायतर तुमच्या घराण्यात पद्धतच हाय, पोराचा पुण्यात फ्लॅट आन् बाप हातानं करून खातोय."

पंगत हसली. एक जण म्हणाला, "आवो, मास्तर बुंदी बघत्यात, एकटी एकटी मोजून घेणार." पुन्हा हसले. मास्तरही हसले. त्यांना त्यात लागण्यासारखं काही दिसलंच नाही. ते म्हणाले, "पावनं, या एकदा, तव्यावरचं पिठलं खाऊ घालतो." विलास मात्र ताटात बघत होता. त्याचे कान लाल झालेले मी बघितले. माझ्या मनात आलं, हे काही बरं नाही. पण मला वाटलं होतं तो मेहुण्याला धरील. त्याने बापाला धरलं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याचा फोन. बाबा, मोतीबिंदू पिकलाय, पुण्याला चांगला डॉक्टर आहे, पंधरा-वीस दिवसांत परत आणून सोडतो. मोतीबिंदू खरा होता, मी नाही म्हणत नाही. खोट्याला थोडं खरं लावलं की ते विकलं जातं, हे मला धंद्याने शिकवलेलं आहे. मास्तर गेले. जाताना तवा घासून त्याला तेलाचा हात लावला, गंजू नये म्हणून. येसराचा डबा घट्ट लावला. मला म्हणाले, "आलो की शेंगोळे करू. तुमी लसूण सोलायचा, मला आता नीट दिसणार, चुकवता येणार न्हाई."

महिना झाला. दुसरा लागला. एके दिवशी दुकानासमोर विलासची गाडी थांबली. एकटाच उतरला. डिकी उघडली. मास्तरांचं स्वयंपाकघर आत भरलेलं. तवा, परात, डबे, ताट, तांब्या, ती कढई. म्हणाला, "काका, हे सगळं मोडीत घ्या."

मी म्हणालो, "बाबा कुठंयत?"

"पुण्यालाच. आता तिथंच राहतील. घर भाड्याने दिलंय, ढाब्यावरच्या आचाऱ्यांना."

"त्यांना इचारलं?"

तो डिकीतल्या तव्याकडे बघत म्हणाला, "काका, त्यांना अजून सांगितलेलं नाही. हळूहळू सांगेन. तुम्हाला माहीत नाही, लोक काय काय बोलतात."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी त्याला दुकानाच्या आत घेतलं आणि माझ्या पद्धतीने सौदा केला. मी म्हणालो, "हे बघ. मी ह्यातलं काही मोडीत टाकणार न्हाई, जसंच्या तसं ठेवतो. तू फकस्त एक करायचं. येत्या रविवारच्या आत त्यांच्यासमोर बसून सांगायचं, की घर भाड्यानं दिलं आन् चूल मोडली. तुझ्या तोंडानं. मंग त्यांनी काय ते ठरवावं. जमतंय?"

"जमतंय काका."

"शब्द?"

"शब्द."

माझ्या धंद्यात कागद नसतो. शब्द दिला की झालं. मी भांडी उतरवून घेतली.

दिवाळीआधी मी माल भरायला पुण्याला जातो. यंदा गेलो तेव्हा संध्याकाळी विलासचं घर शोधून काढलं. गेटवर नाव लिहा, फोन करा, फोटो काढा, लिफ्टने वर जा. सुनेने दार उघडलं. चांगली बाई आहे, कानाला ते यंत्र लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तरी मला पाणी दिलं, हाताने खूण केली, बसा. नात तिच्या खोलीत अभ्यास करत होती. विलास यायचा होता. आणि टेबलाशी साळवे मास्तर बसले होते. अंगात मुलाचा जुना टी-शर्ट. समोर झाकलेलं ताट. स्वयंपाकाची बाई दुपारीच करून जाते. बाकीचे आपापल्या वेळेला गरम करून घेतात.

एकटेच जेवत होते. एकट्याने जेवावं लागू नये म्हणून ज्यांना इथे आणलं, ते एकटेच जेवत होते.

मला बघून उठले. "शेठ! बसा, बसा. डोळे लई झ्याक झालेत. आता लसणाचं सालबी दिसंल. घरी गेल्यावर बघा."

घरी गेल्यावर. म्हणजे याने सांगितलेलंच नव्हतं. किती रविवार गेले होते, तुम्हीच हिशेब करा. मी पोळीच्या तुकड्याकडे बघत राहिलो. ते विचारत होते, "पाऊस झाला का तिकडं? माझा तवा गंजला न्हाई ना? खिडकी लावलेली हाय नव्हं?"

इथे स्वयंपाकघरात जाता का, मी विचारलं. म्हणाले, "विलास न्हाई म्हणतो. ती शेगडी बटणाची हाय, भाजंल म्हणतो. डाक्टरनं सोडलं की जायचंच हाय, थोड्या दिवसांसाठी कशाला वाद."

तेवढ्यात विलास आला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. बूटही न काढता उभा राहिला.

मी म्हणालो, "इलास, सांगितलंस?"

मास्तर म्हणाले, "काय सांगायचंय?"

सुनेने कानातलं यंत्र काढलं आणि आतून बाहेर आली. ती म्हणाली, "सांगा ना आता. मी किती दिवस म्हणतेय तुम्हाला, सांगून टाका म्हणून."

"बाबा," विलास म्हणाला, "मांजरसुंब्याचं घर भाड्याने दिलंय. सामान काढलंय. आता तुम्ही इथंच राहायचं."

"भांडी?"

"माझ्याकडं हायेत," मी म्हणालो. "समदी."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते मुलाकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "कावून?"

"लोक तोंडावर बोलतात बाबा. घाटनांदूरला एवढ्या पंगतीत मामांनी काय म्हटलं ते ऐकलंत ना? तुम्ही हसलात. मला ऑफिसमध्ये बसून आठवतं ते."

"लोकांचं न्हाई इचारलं मी. मला कावून सांगितलं न्हाईस? मोतीबिंदूचं सांगून कावून आणलंस?"

विलासने बूट काढायला सुरुवात केली. नाडी सोडत बसला. ती नाडी काही सुटेना. मी एवढी वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचतोय, उत्तर नसलेला माणूस हाताला काम शोधतो. मास्तर वाट बघत उभे होते. मग त्यांनी ताट उचललं, बेसिनशी नेलं. सून म्हणाली, "बाबा, ठेवा, मावशी धुतील." त्यांनी ठेवलं. नळ उघडून फक्त हात धुतले.

मला सोडायला ते खाली गेटपर्यंत आले. वॉचमनने त्यांना विचारलं, "आजोबा, एकटे बाहेर चाललात? वर सांगितलंय का?" ते थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर हजारो लोकांना गाडीत बसवलं, उतरवलं, कोणती गाडी कुठे लागते आणि कधी सुटते हे ज्याच्या जिभेवर असायचं, तो गेटच्या आत उभा राहून मला हळूच विचारत होता:

"शेठ, हितून बीडची गाडी कुठून धरायची?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ओठ हलवत ते पाठ केलं. मी रिक्षात बसलो तेव्हा ते तसेच उभे होते, गेटचा गज धरून, आणि वॉचमन वर फोन लावत होता.

अजून ते आलेले नाहीत. मी रोज बीडकडून आणि पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांची दारं बघतो. विलास फोन उचलत नाही.

तर विलास, हे तू वाचशील अशी व्यवस्था मी करणार आहे. माझ्याशी केलेला सौदा तू मोडलास, ते मी माझ्यापुरतं बघून घेईन. घाटनांदूरच्या पंगतीत जे हसले, त्यांनाही मी एकेकाला गाठणार आहे, मेहुण्यापासून सुरुवात करून. पण तुझ्या बापाने तुला तुझ्याच घरात, तुझ्याच बायकोसमोर, एक गोष्ट विचारली होती. दोनदा विचारली. तू नाडी सोडत बसलास. आता त्यांच्यासमोर बस आणि त्याचं उत्तर दे. लोकांचं नाव सांगू नकोस. तुझं सांग.